बाराव्या हिश्श्याचे घर

मराठी वाचकाला 'बाहुलीघर' ही कल्पना परिचित आहे ती मुख्यतः हेन्रिक इब्सेनच्या १८७९ सालच्या नाटकामुळे. अनंत काणेकरांनी 'घरकुल' या नावाने त्याचे मराठी रूपांतर केले आणि घर सोडून जाणारी नायिका आपल्याकडच्या रंगभूमीच्याही चर्चेचा विषय झाली. इब्सेनच्या नाटकात बाहुलीघर हे एक रूपक आहे. जिथे स्त्रीला स्वतःची इच्छा नाही, जिथे ती दुसऱ्याच्या हातातले खेळणे आहे, असे ते घर. हे रूपक इतके प्रभावी ठरले की ज्या वस्तूवरून ते घेतले ती वस्तू मागे पडली. युरोपातील बाहुलीघरांचा खराखुरा इतिहास पाहू गेल्यास एक वेगळीच गोष्ट हाती लागते. ही घरे मुलांच्या खेळण्यासाठी क्वचितच केलेली होती. ती प्रौढ माणसांनी, बहुधा स्त्रियांनी, वर्षानुवर्षे खपून उभी केली होती. आणि त्या घरांत बाहुलीची भूमिका त्यांची नव्हती, गृहस्वामिनीची होती.

आपल्याकडे याचे जवळचे नाते सांगायचे तर ते भातुकलीशी सांगावे लागेल. पितळेची बोटभर पातेली, चिमुकले जाते, पाटा-वरवंटा, सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांतला संसार. परंतु भातुकली आणि बाहुलीघर यांच्यात एक मूलभूत भेद आहे. भातुकली मांडली जाते आणि मोडली जाते. दुपारी थाटलेला संसार दिवेलागणीला टोपलीत जातो. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला होतो, त्यावर हळीव उगवतात, मावळे उभे राहतात, आणि चार दिवसांनी तो पुन्हा माती होतो. आपल्या या खेळांचे सौंदर्यच त्यांच्या क्षणिकतेत आहे. बाहुलीघर मात्र मोडायचे नसते. आज एक खुर्ची, चार महिन्यांनी एक आरसा, पुढल्या वर्षी छताची नक्षी, अशा क्रमाने ते साठत जाते. त्यामुळे ते करणाऱ्याकडून ज्या गुणाची मागणी होते तो गुणही निराळा आहे. मराठीत त्याला सबुरी म्हणतात, धीर म्हणतात, चिकाटी म्हणतात. आणि याच कुळात एक चौथा शब्द येऊन बसला आहे, तो म्हणजे सोशीकपणा. स्त्रियांच्या बाबतीत धीर आणि सोशीकपणा यांची गल्लत आपल्या समाजाने सोयीस्करपणे केली आहे. बाहुलीघराचा इतिहास वाचताना हे दोन शब्द वेगळे ठेवणे आवश्यक आहे.

या वस्तूची पहिली ठळक नोंद राजवाड्यातली आहे. बव्हेरियाचा ड्यूक पाचवा अल्ब्रेख्त याने १५५७-५८ या काळात म्युनिक येथे एक लहानसे बहुमजली घर करवून घेतले. ते त्याच्या संग्रहालयात ठेवले गेले आणि १६७४ सालच्या राजवाड्याच्या आगीत नष्ट झाले. १५९८ साली केलेल्या संग्रहाच्या यादीतून आज त्याची माहिती मिळते. ते वैभवाचे प्रदर्शन होते, यापलीकडे त्याबद्दल फार बोलण्यासारखे नाही.

त्यापेक्षा अधिक बोलके उदाहरण न्यूरेंबर्गचे आहे. आना क्योफरलिन या स्त्रीने १६३१ साली आपले बाहुलीघर लोकांना पाहण्यासाठी खुले केले, पाहण्याचे पैसे घेतले आणि त्यासोबत एक छापील पत्रकही काढले. तीस वर्षांचे युद्ध चालू होते, त्या काळातली ही गोष्ट. घर आज अस्तित्वात नाही, पत्रक मात्र शिल्लक आहे. त्याच्या शीर्षकात हे घर 'दीर्घकाळ जमवलेले' असल्याचा स्पष्ट उल्लेख आहे. मुलांनी ते नीट पाहावे, घराची व्यवस्था कशी राखतात हे त्यावरून शिकावे, असा उपदेश पत्रकात आहे. उपदेश त्या काळाला साजेसा आहे. तो बाजूला ठेवला तरी चालेल. ध्यानात राहतो तो 'दीर्घकाळ' हा शब्द. एका सामान्य नागर स्त्रीने आपल्या वस्तूची जाहिरात करताना सोन्याचांदीचा नव्हे तर लागलेल्या वेळाचा दाखला द्यावा, हे विशेष आहे. त्याच शहरात १६३९ सालचे श्ट्रोमर घराण्याच्या नावाने ओळखले जाणारे बाहुलीघर आजही जर्मन राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तबेल्यापासून माजघरापर्यंत सुमारे हजारभर वस्तू त्यात आहेत.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा छंद अ‍ॅमस्टरडॅमला पोचला आणि तेथे त्याने कळस गाठला. डच व्यापारी पुरुष आपल्या घरी दुर्मिळ शिंपले, नाणी, कीटक यांनी भरलेली कपाटे ठेवत. त्यांच्या पत्नींनी तशाच कपाटांत घरे मांडली. पेट्रोनेला द्युन्वा या तरुणीच्या १६७६ च्या सुमाराच्या कपाटातील चिमुकल्या कापडांवर तिच्या नावाची आद्याक्षरे भरलेली आढळतात. खऱ्या घरातील चादरी-रुमाल धोब्याकडून परत येताना अदलाबदल होऊ नये म्हणून जशी खूण घालत, तशीच. या चादरी कधी धुवायला जाणार नव्हत्या. तरीही खूण घातली, कारण खूण नसलेली चादर ही तिच्या लेखी चादरच नव्हे.

यांतील सर्वांत प्रसिद्ध घर पेट्रोनेला ऊर्टमनचे. रेशमाचा व्यापारी योहानेस ब्रान्ट याच्याशी विवाह झाल्यानंतर तिने १६८६ च्या सुमारास हे काम आरंभले आणि ते १७१० च्या आसपासपर्यंत चालू होते. म्हणजे जवळजवळ पाव शतक. कासवाच्या पाठीच्या पत्र्यांनी मढवलेल्या, कथलाची नक्षी असलेल्या उंच कपाटात नऊ दालने आहेत. दिवाणखान्याच्या भिंतींवर निकोलास पीमोंटने रंगवलेली निसर्गदृश्ये आहेत, बाळंतिणीची खोली आहे, चिनी मातीची भांडी मांडलेले शोभेचे स्वयंपाकघर आहे, कपडे वाळवण्याचा माळा आहे. प्रत्येक वस्तू ज्या द्रव्याची खऱ्या घरात असते त्याच द्रव्याची आहे. संगमरवर तर संगमरवर, चांदी तर चांदी. या कपाटावर झालेल्या खर्चात अ‍ॅमस्टरडॅमच्या कालव्याकाठी एक खरे घर विकत घेता आले असते असे सांगतात. १७१० च्या सुमारास याकोब आपेल या चित्रकाराने या कपाटाचेच एक चित्र काढले. आज त्यातील बहुतेक बाहुल्या हरवल्या आहेत आणि दालनांत कोण कोठे बसले होते हे त्या चित्रावरूनच कळते. घर टिकले, रहिवासी गेले. वास्तूंच्या बाबतीत हे नेहमीचेच आहे. पण येथे ते रीझ्क्सम्यूझियमच्या एका काचेमागे, पाच मिनिटांत समजते.

परंतु येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून या छंदाचे कौतुक करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. हा धीर नेमका कोणाचा? ऊर्टमनने खुर्च्या स्वतः केल्या नाहीत. ज्या कारागिरांनी बोटभर टोपल्या विणल्या, नखाएवढे चमचे ओतले, त्यांपैकी बहुतेकांची नावे उरलेली नाहीत. डोळे त्यांचे गेले, नाव कपाटाच्या मालकिणीचे राहिले. वाट पाहणे हाही धीरच आहे. पण पैसे देऊन वाट पाहणाऱ्याचा धीर आणि पोटासाठी नक्षी कोरणाऱ्याचा धीर एकाच तराजूत घालता येत नाहीत. ताजमहालापासून पैठणीपर्यंत हा प्रश्न आपल्यालाही नवा नाही.

सारा रोते हिचे उदाहरण या दृष्टीने महत्त्वाचे वाटते. याकोब प्लोस व्हान आम्स्टेल या व्यापाऱ्याच्या या पत्नीने १७४३ साली एका लिलावात तीन जुनी बाहुलीघरे विकत घेतली, ती उकलली आणि त्यांतून नव्याने मांडणी केली. आज त्यांतून सिद्ध झालेले एक कपाट हार्लेमला आणि दुसरे हेगला पाहावयास मिळते. तिने टिपणवह्या ठेवल्या आहेत. कोणती वस्तू कोठे ठेवली, कोणाला किती पैसे दिले, आणि कोणते शिवणकाम व भरतकाम स्वतःच्या हातांनी केले, याच्या नोंदी तीत सापडतात. जमाखर्चाची ही वही कोरडी आहे. तिच्यात भावनांना जागा नाही. तरीही ती वाचणाऱ्याला जाणवते की ही स्त्री खरेदी करता करता कारागीर होत गेली आहे. दुसऱ्याने केलेले काम उकलणे, ते कसे केले हे समजून घेणे, आणि मग आपली सुई उचलणे. शिक्षणाचा याहून सरळ मार्ग दुसरा कोणता असेल?

हे शिक्षण कशामुळे घडते याचे कारण गणितात आहे. विसाव्या शतकात इंग्रजीभाषक देशांत या छंदासाठी एक फुटाला एक इंच, म्हणजे बारावा हिस्सा, हे प्रमाण रूढ झाले. लांबी बारावा हिस्सा झाली की क्षेत्रफळ १४४ वा हिस्सा होते आणि घनफळ १७२८ वा. हातभर टेबल बोटभर होते. परंतु द्रव्ये आपला स्वभाव सोडीत नाहीत. सुताचा धागा पूर्वीइतकाच जाड राहतो, म्हणून साध्या कापडाचा पडदा खिडकीवर लोंबत नाही, पुठ्ठ्यासारखा ताठ उभा राहतो. त्याला खाली ओढील इतके वजनच त्याच्यात उरलेले नसते. सागाची रेघ खऱ्या कपाटाला शोभते, ती इंचभर दारावर ओंडक्यासारखी दिसते. म्हणून बारीक रेघेचे दुसरे लाकूड शोधावे लागते. रंगाचा एक हात जास्त झाला की नक्षी बुजते. आणि सरस वाळायला लागणारा वेळ मात्र बाराव्या हिश्श्याने कमी होत नाही. घाई करणाऱ्याला ही वस्तू लगेच उघडे पाडते. राजापुढे दरबारी खोटे बोलू शकतो, पण बोटभर बिजागरीपुढे कोणालाच खोटे बोलता येत नाही.

सर नेव्हिल विल्किन्सन यांनी हा अनुभव पंधरा वर्षे घेतला. ते लष्करी अधिकारी होते आणि १९०८ पासून डब्लिन येथे वंशचिन्हांची राजनोंद ठेवणारे प्रमुख अधिकारी. १९०७ साली त्यांच्या लहान मुलीला, ग्वेंडोलेनला, बागेतील झाडाच्या मुळाशी एक परी दिसली, असे तिने सांगितले. परीला राहायला जागा हवी, म्हणून बापाने तिच्यासाठी राजवाडा करायला घेतला. परीराणी टायटानियाचे नाव त्याला मिळाले. लाकूडकाम डब्लिनच्या जेम्स हिक्स यांच्या कारखान्यात झाले. रंगकामाचा बराच भाग विल्किन्सन यांनी स्वतः केला. आणि तोही अशा पद्धतीने की कुंचल्याच्या फटकाऱ्याऐवजी रंगाचे सूक्ष्म ठिपके एकेक करून मांडायचे. एका चौरस इंचात हजाराहून अधिक ठिपके बसत. १९२२ साली राणी मेरीच्या हस्ते लंडनमध्ये हा राजवाडा लोकांना खुला झाला. ग्वेंडोलेन तोवर परीवर विश्वास ठेवण्याचे वय ओलांडून गेली होती. ज्या मुलीसाठी घर बांधायला घेतले ती घर पूर्ण होईपर्यंत मोठी होऊन जाते, ही गोष्ट बाहुलीघर करणाऱ्या पुष्कळ आईबापांच्या अनुभवाची आहे. पुढे या राजवाड्याने देशोदेशी फिरून अपंग व आजारी मुलांसाठी निधी जमवला. आज तो डेन्मार्कमधील एगेस्कोव्ह किल्ल्यात आहे.

या पंधरा वर्षांत डब्लिनमध्ये काय घडत होते हेही आठवावे. १९१६ चे ईस्टरचे बंड झाले, शहराचा मध्यभाग जळाला, फाशीऐवजी गोळ्या घालून नेत्यांना मारले गेले, मग स्वातंत्र्ययुद्ध झाले. राजसत्तेचा हा सेवक त्या काळात परीच्या महालावर ठिपके देत होता. या धीराला पलायन म्हणावे काय? काही अंशी म्हणावेच लागेल. ठिपक्यांत बुडालेल्या माणसाला खिडकीबाहेरचा धूर दिसत नाही, आणि कधीकधी तो दिसू नये म्हणूनच माणूस ठिपक्यांत बुडतो.

याच राणी मेरीसाठी १९२१ ते १९२४ या काळात आणखी एक बाहुलीघर तयार झाले, आणि भारतीय वाचकाला त्याची एक वेगळी ओळख आहे. त्याचा वास्तुशिल्पी एडविन लट्येन्स. नव्या दिल्लीत व्हाइसरॉयच्या प्रासादाचे, म्हणजे आजच्या राष्ट्रपती भवनाचे, बांधकाम चालू असतानाच तो बाराव्या हिश्श्याच्या राजवाड्याचे आराखडे करीत होता. एकाच मेजावर साम्राज्याची भव्यतम वास्तू आणि लघुतम वास्तू. सुमारे १५०० कलावंत व कारागीर त्यासाठी राबले. नळाला पाणी येते, दिवे लागतात, उद्वाहक चालतो. ग्रंथालयासाठी किपलिंग, हार्डी, कॉनन डॉयल यांनी चिमुकल्या पुस्तकांत स्वहस्ते मजकूर लिहून दिला, बर्नार्ड शॉने नकार दिला. १९२४ च्या वेंब्ली येथील साम्राज्य प्रदर्शनात १६ लाखांहून अधिक लोकांनी ते पाहिले. कौशल्याच्या दृष्टीने ते अजोड आहे. पण पंधराशे हातांनी तीन वर्षांत केलेल्या घरात कोणी एकाने काही शिकल्याची खूण शोधूनही सापडत नाही. तो एक उत्कृष्ट रीतीने पार पडलेला समारंभ आहे.

या सगळ्या इतिहासात सोशीकपणा आणि धीर यांच्यातील भेद सर्वांत लख्ख दिसतो तो फ्रान्सेस ग्लेसनर ली यांच्या आयुष्यात. १८७८ साली शिकागोच्या एका धनाढ्य उद्योजक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. भाऊ हार्वर्डला गेला. त्यांना विद्यापीठात पाठवण्यात आले नाही. घरी शिवण, विणकाम, गृहव्यवस्था यांचे उत्तम शिक्षण मिळाले. विवाह झाला, मुले झाली, घटस्फोट झाला. १९१३ साली त्यांनी आईसाठी शिकागोच्या वाद्यवृंदाची नव्वद वादकांची एक लघुप्रतिकृती तयार केली होती. अशा स्त्रीचा छंद म्हणून हे सर्वांना मान्य होते. भावाचे मित्र डॉ. जॉर्ज मॅग्राथ यांच्याकडून त्यांना न्यायवैद्यकाची गोडी लागली. परंतु त्या क्षेत्रात मनाजोगे काम करण्याची मोकळीक मिळेपर्यंत त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. १९३१ साली त्यांच्या देणगीतून हार्वर्डमध्ये या विषयाचे अध्यापन उभे राहिले. तोवर त्यांनी जे केले ते सोसणे होते. नंतर जे केले त्याला धीर म्हणावे.

संशयास्पद मृत्यूच्या जागी पोचलेले पोलीस काय पाहतात आणि काय पाहत नाहीत, हा त्यांचा प्रश्न होता. प्रेतावरून चालत जाणे, वस्तू उचलणे, पहिल्या क्षणी सुचलेल्या तर्कालाच चिकटून राहणे, यांमुळे निरपराध अडकत आणि अपराधी सुटत. प्रशिक्षणासाठी प्रत्येकाला घटनास्थळी नेणे शक्य नव्हते. ली यांनी चाळिशीच्या दशकात खऱ्या प्रकरणांच्या आधारे बाराव्या हिश्श्याच्या खोल्या तयार केल्या. सुतारकाम राल्फ मोशर हे करीत. वर्षाकाठी जेमतेम तीन खोल्या होत. येथे कारागिराचे नाव नोंदले गेले आहे, ही समाधानाची गोष्ट. बाहुल्यांचे पायमोजे ली स्वतः टाचणीएवढ्या बारीक सुयांवर विणत. कॅलेंडरवरची तारीख, भिंतीवरील डाग, शवाच्या त्वचेचा बदललेला रंग, सारे काही मुळाबरहुकूम. एका डोलखुर्चीने खऱ्या खुर्चीइतकेच झोके घेतले पाहिजेत म्हणून ती त्यांनी परत पाठवली, असे सांगितले जाते. अशा हट्टाला विक्षिप्तपणा म्हणणारेही होते. पण साक्षीदाराच्या बाबतीत 'साधारण असे असेल' हे उत्तर चालत नाही, आणि ली यांच्या दृष्टीने ही खोली साक्षीदार होती.

यांतील एक खोली स्वयंपाकघराची आहे. मोरीत सोललेले बटाटे, भट्टीतून नुकताच काढलेला पदार्थ, आतून बंद दारे, फटींत खुपसलेली वर्तमानपत्रे, आणि शेगडीपाशी पडलेली स्त्री. अ‍ॅमस्टरडॅमच्या मालकिणींनी जे स्वयंपाकघर मांडले तेच हे. तीच स्वच्छता, तीच व्यवस्था. फक्त आता पाहणाऱ्याला विचारले जाते की ज्या बाईला मरायचे होते ती बटाटे का सोलत होती. ली यांच्या खोल्यांत मरण पावलेल्यांमध्ये स्त्रियांची संख्या लक्षणीय आहे आणि घरे बहुधा सामान्यांची, गरिबांची आहेत. ज्यांच्या मृत्यूकडे कोणी दुसऱ्यांदा पाहत नाही, अशा माणसांच्या मृत्यूकडे पुन्हा पाहायला लावणे, हा त्या सगळ्या विणकामाचा हेतू होता.

१९४३ साली न्यू हॅम्पशायरच्या राज्य पोलीस दलात त्यांना कॅप्टनचे पद देण्यात आले. १९४५ पासून हार्वर्डमध्ये त्यांचे वर्ग भरू लागले. प्रशिक्षणार्थ्याला एका खोलीसमोर नव्वद मिनिटे बसवले जाई. डावीकडून आरंभ करून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, भिंतींपासून आत सरकत, मध्यापर्यंत पाहत यायचे, प्रेत शेवटी. हात लावायचा नाही. पहिल्या दहा मिनिटांत उत्तर सापडलेल्या माणसाला उरलेली ऐंशी मिनिटे तेथेच बसावे लागे, आणि त्या ऐंशी मिनिटांसाठीच ही खोली बांधली होती.

ली १९६२ साली निवर्तल्या. हार्वर्डमधील तो विभाग पुढे बंद झाला आणि खोल्या मेरिलँड राज्याच्या बाल्टिमोर येथील वैद्यकीय तपासणी कार्यालयात गेल्या. अशा १८ खोल्या तेथे जतन केलेल्या आहेत. २०१७ च्या अखेरीस वॉशिंग्टनच्या रेनविक कलादालनात त्या प्रदर्शित झाल्या, तेव्हा त्यांची डागडुजी करताना जुने दिवे बदलावे लागले; मूळच्या दिव्यांच्या उष्णतेने आतील वस्तूंना हानी पोचत होती. प्रदर्शन संपल्यावर खोल्या बाल्टिमोरला परतल्या. त्यांची उत्तरे आजही प्रसिद्ध केलेली नाहीत, कारण त्या खोल्यांसमोर अजूनही विद्यार्थी बसवले जातात.